रकान्यातला ‘नाही’

मारुती गेल्याची खबर मला चहाच्या टपरीवर कळली. सकाळचे दहा वाजले होते, मी नुकतंच माझं लिहायचं टेबल झटकून ठेवलं होतं. टपरीवाला म्हणाला, “उस्मानभाई, तुमचा बंदूकवाला दोस्त गेला म्हनं. आपल्याच बंदुकीनं...” पुढचं मला ऐकू आलं नाही. मी तिथंच फुटपाथवर बसलो. माणसं विचारत होती, पाणी आणू का, रिक्षा बोलावू का. काय सांगणार त्यांना? त्याला बंदूक मी मिळवून दिली होती.

लातूरला कलेक्टर कचेरीबाहेर मी लोकांचे अर्ज लिहितो. अर्जनवीस म्हणतात आम्हाला. मारुती पहिल्यांदा आला तो भूकंपानंतर, घराचा अर्ज घेऊन. किल्लारीजवळच्या खेड्यातला शेतकरी. आई आणि थोरला पोरगा दगडमातीखाली गेलेले, बायको काशी आणि तान्ही पोर तेवढी वाचलेली. मी नावं विचारत होतो आणि तो गेलेल्या पोराचंही वय सांगत होता, चालू महिन्यापर्यंत मोजून. मी पेन खाली ठेवलं आणि त्याला चहा पाजला. तेव्हापासूनची दोस्ती ती. तो काही महिन्यांनी लातुरात राहायला आला, कारण गावात त्याला भिंतीकडं पाठ करून बसता येईना. इथंही जेवता जेवता ताट तसंच टाकून रस्त्यावर पळायचा. काशी रडत माझ्याकडं आली, मग मीच त्याला एसटीनं नांदेडला नेलं, डोक्याच्या डॉक्टरांकडं. दर दोन महिन्यांनी आमची ती वारी चालायची. देगलूरकडची माणसं रांगेत तेलुगूत बोलायची आणि मारुती मला विचारायचा, “ह्यांचं बी घर पडलं का हो?” गोळ्यांनी मात्र फरक पडला. माणूस हसायला लागला, भांडायला लागला, माझ्या टोपीची टिंगल करायला लागला. सगळ्या चिठ्ठ्या त्यानं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ट्रंकेत ठेवल्या होत्या. त्याच्या आजाराची नोंद म्हणाल तर तेवढीच, दुसरीकडं कुठंच नव्हती.

मग पोर मोठी होईपर्यंत लातुरात क्लासेसचं पीक आलं. गल्लोगल्ली बोर्ड, पोरांची हॉस्टेलं, गेटवर पहिल्या आलेल्यांचे हे एवढाले फोटो. गेटवर बंदूकवाला असला की क्लासला वजन येतं म्हणे! मारुती तेव्हा काठी घेऊन राखणदारी करायचा. एका क्लासवाल्यानं त्याला सांगितलं, बंदुकीचा परवाना काढ, गेटवर तुला ठेवतो, आणि तुझ्या पोरीला डॉक्टरकीच्या बॅचमध्ये फुकट बसू देतो. मारुती धावतच माझ्याकडं आला. इतका खूश मी त्याला कधी पाहिला नव्हता.

आता आमच्या धंद्याची रीत ऐका. छापील अर्जात प्रश्नांची एक रांग असते. गुन्हा दाखल आहे काय, शिक्षा झाली आहे काय, जामीन घेतला आहे काय. आम्ही कुणी ते वाचत नाही. वरून खाली सरळ ‘नाही, नाही, नाही’ लिहीत जायचं. त्याच रांगेत होतं, मानसिक आजारावर उपचार घेतले आहेत काय? मारुतीनं त्या ओळीवर बोट ठेवलं. “हितं व्हय लिवा की. खरं तेच हाय ना?”

“याड लागलं का तुला?” मी म्हणालो, आणि जीभ चावली. तो हसला. मी समजावलं, ‘होय’ लिहिलं तर अर्ज इथंच मेला, बस मग काठी घेऊन, आणि पोरीला काय सांगशील? तो बराच वेळ बोट तिथंच ठेवून उभा होता. मी ते बोट उचललं आणि ‘नाही’ लिहिलं.

परवान्यासाठी हवालदार चौकशीला आला तोही माझ्याकडंच. “माणूस कसा हाय?” मी म्हटलं, “गाय हाय, गाय!” त्यानं लिहून घेतलं, मी खाली सही ठोकली. तब्येतीचा दाखला देणाऱ्या डॉक्टरानं नाडी पाहिली, डोळे पाहिले. दुकानदारानं परवाना पाहिला, नंबर उतरवून घेतला. कुणी काही विचारलंच नाही, आणि ज्याला सगळं माहीत होतं तो मी शेजारी उभा राहून त्याच्यासाठी बंदूक पसंत करत होतो.

दोन महिने झाले, मी म्हणालो, चल नांदेडला. मारुती म्हणाला, “आता कसं यावं? तुमीच लिवलं ना न्हाई म्हनून. कुनी रांगेत बघितलं तर पोरीला क्लासातून उठवतील.” गोळ्यांनी झोप येते, गेटवर झोपून कसं चालेल, तेही होतंच. मी म्हणालो, बरं. या अल्ला, मी नुसतं ‘बरं’ म्हणालो! त्याला ओढत न्यायला पाहिजे होतं, ते केलं नाही. पुढं तो बोलेनासा झाला. मी बोलत बसायचो, तो भिंतीकडं बघत राहायचा. मी म्हणायचो, उन्हाचा ताप आहे, ड्यूटीचा शीण आहे. मलाही तो ‘नाही’ खरा करायचा होता, दुसरं काय.

मागच्या आठवड्यात काशी आली. पोलिसांना तिचा लेखी जबाब हवा होता, मयताला काही आजार होता का म्हणून. बाकावर बसली. पोरीनं क्लास सोडलाय, म्हणाली. मी कागद घेतला आणि तिच्याकडं बघायची हिंमत होईना.

“भाबी, आजाराचं काय लिहू?”

“व्हय लिवा,” ती म्हणाली. “आता कोन त्येंला कामावरनं काढतंय?”

मी ‘होय’ लिहिलं. तिनं अंगठा उठवला आणि त्या शब्दाकडं बघत राहिली. तिला वाचता येत नाही.

“झालं?” तिनं विचारलं. “एवढाच येळ लागतो व्हय, लिवाया?”