चारोळीला काय झालं होतं

तिवशाजवळच्या एका शेतकरी चाचांच्या बांधावर चारोळीची झाडं होती. ती शेंड्याकडून वाळू लागली, खोडातून डिंक गळू लागला, तेव्हा ते फांद्या ओल्या पोत्यात गुंडाळून अकोल्याला आमच्या प्रयोगशाळेत आले. मी तिथे नवीन होते. वाळक्या लाकडाचे तुकडे काचेच्या बशीत ठेवले, काही दिवसांत गुलाबीसर बुरशी उगवली. ओळखीची होती. मी फोनवर सांगून टाकलं, "मर रोग आहे, मातीतून पसरतो. रोगट झाडं मुळासकट काढून जाळा."

त्यांनी चार झाडं काढली.

आमच्या मॅडमनी अहवाल वाचून एवढंच विचारलं, "ही बुरशी निरोगी रोपाला टोचून पाहिलीस?"

नव्हती पाहिली. मग टोचली. तीन आठवडे झाले तरी रोपं हिरवीगार. ती बुरशी मेलेल्या लाकडावर मागाहून राहायला आलेली होती. मारणारी दुसरीच होती.

मी तिवशाला गेले. या वेळी तुकडे घेतले ते जिवंत आणि मेलेलं लाकूड जिथे भेटतं तिथून. बशीत राखाडी कापसासारखं काही उगवलं, मग काळं पडलं. बीजाणू मात्र पारदर्शक, आणि तसे तर कितीतरी बुरशींचे असतात. थांबावं लागलं. हळूहळू ते तपकिरी झाले, मधोमध पडदा आला, अंगावर उभ्या रेघा उमटल्या. लॅसिओडिप्लोडिया, फांद्या शेंड्याकडून वाळवणारी बुरशी. टोचलेली रोपं वाळली, त्यांतून तीच परत निघाली. नेमकी प्रजाती डीएनए तपासणीनं ठरली.

हे फोनवर सांगायला मन धजेना, म्हणून पुन्हा गेले. ही बुरशी छाटणीच्या जखमेतून शिरते हे सांगितलं, आणि माझं चुकलं हेही.

"मंग ते चार झाडं?" चाचांनी विचारलं.

"नुसत्या वाळक्या फांद्या छाटल्या असत्या तर दोन तरी वाचली असती."

चाचा कुऱ्हाड उचलून पात्याकडे पाहत म्हणाले, "बेटी, म्या याच कुऱ्हाडीनं साऱ्या झाडायच्या फांद्या तोडल्या. एकाचं दुसऱ्याले म्याच लावून राहिलो होतो."

"तुम्हाला ठाऊक नव्हतं, चाचा."

"तुले तरी कुठं होतं?"

मला ठाऊक असायला हवं होतं. माझं कामच ते होतं.

त्या दुपारी आम्ही दर झाडानंतर पातं स्पिरिटनं पुसत वाळक्या फांद्या छाटल्या, जखमांवर बुरशी रोखणारी बोर्डो पेस्ट लावली. पुढे आणखी एक झाड गेलं, बाकीची जगली. आता कुणी फोनवर घाई केली की मी "अजून माहीत नाही" म्हणते. ते म्हणताना अजूनही अवघडायला होतं.