मधोमध घुसवलेला रकाना

मंडळी, आज माझा चहा निवला. शोकसभेची वेळ नंतर कळवतो.

निमित्त, विंचूरच्या कांदा व्यापाऱ्याचा फोन. "साहेब, तुमची नवी लायब्ररी टाकली अन् बिलात भावाच्या जागी गोण्या यायला लागल्या. शेतकरी मला चोर म्हणतायत."

लायब्ररीत, म्हणजे बिलांच्या प्रोग्रामला आम्ही पुरवतो त्या तयार कोडमध्ये, 'गोण्या' हा नवा रकाना मी मधोमध घातला होता. त्यांचा जुना प्रोग्राम रकान्यांची नावं वाचत नाही, नुसत्या जागा मोजतो. तो नव्याने बांधावा, तर त्याचा सोर्स, म्हणजे मूळ कोड, कुणाकडेच नाही.

आमच्या ऑफिसातली ज्युनियर वैशाली परवाच म्हणाली होती, "सर, नवा पाहुणा पंगतीच्या शेवटी बसवा."

"काही बिघडलं तर चहा माझा, आजीबाई," मी हसलो होतो.

रकाना शेवटी नेला, फाईल पाठवली. बिलं सुधारली. तुमच्याकडेही ऐकतात का अशा आजीबाईंचं?

वैशालीच्या टेबलावर गरम चहा ठेवून जागेवर येऊन बसलो.