सदर लॅब बंद केली आहे

जी वस्तू अस्तित्वातच नव्हती, ती बंद केल्याचे लेखी हमीपत्र माझ्या घरातून वीज कार्यालयात गेले आणि त्याखाली माझ्या मुलीची सही आहे. हे मी सहानुभूतीसाठी लिहीत नाही. न्यायालयात आयुष्यभर कारकुनी केली, त्यामुळे घडलेली गोष्ट घडलेल्या क्रमाने मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही.

धसईपासून थोडे आत आमचे घर आहे. मुलीची आई गेल्यापासून त्यात आम्ही दोघेच राहत होतो. मुलगी कल्याणकडच्या एका कंपनीत कंत्राटावर संगणकाच्या तक्रारी सोडवण्याचे काम करीत असे. कंत्राट संपले, तेव्हा तिच्या जुन्या वरिष्ठांनी नव्या मुंबईत तिच्यासाठी शब्द टाकला. तिथून निरोप आला, की नेटवर्किंगचे प्रमाणपत्र गणपतीपर्यंत हाती आले तर जागा तिची. नाही तर ती दुसऱ्याला जाईल. तिने अर्ज भरला, परीक्षेची तारीख घेतली आणि पडवीत अभ्यासाची मांडामांड सुरू केली.

कंपन्यांनी मोडीत काढलेले तीन राउटर आणि दोन स्विच, म्हणजे संगणक एकमेकांना जोडणारी यंत्रे, तिने मुंबईच्या जुन्या बाजारातून गोण्यांत भरून एसटीने आणले. आमच्याकडच्या वेल्डरने पाण्याच्या टाकीला करतो तसाच लोखंडी घोडा त्यांच्यासाठी करून दिला. ती वायरी जोडायची, मुद्दाम बिघाड करायची आणि तो शोधत बसायची. लॅपटॉपवरही हे सारे करता येते ना, असे मी विचारले होते. तिचा लॅपटॉप जुना होता. तो एवढा भार पेलत नव्हता. "आणि बाबा, परीक्षेत बिघाड समोर टाकतात. हात बसलेला लागतो," असे ती म्हणाली.

त्या यंत्रांतल्या पंख्यांचा आवाज गिरणीसारखा होता, तरी मी दुपारी तिथेच खुर्ची टाकून बसू लागलो. एकदा तिने मला नियमांची यादी दाखवली. कोणाला आत सोडायचे आणि कोणाला नाही, हे यंत्र त्या ओळींवरून ठरवते. वरून खाली वाचत येते आणि लागू पडणारी पहिली ओळ मानते.

"आणि बाबा, सगळ्यांत खाली एक ओळ असते, ती दिसत नाही. वर ज्याला परवानगी नाही, त्या सगळ्यांना नकार."

"न दिसणारी ओळ कोणी घातली?"

"कुणी नाही. ती असतेच."

"मग ती बेकायदा आहे. नियम लिहिलेला पाहिजे."

"करा तक्रार," ती म्हणाली आणि खूप हसली. आई गेल्यानंतर तिला असे हसताना मी प्रथमच पाहत होतो.

या मांडणीला तिच्या व्यवसायात 'होम लॅब' म्हणतात. तिने तो शब्द वेल्डरला सांगितला, एसटीच्या वाहकाला सांगितला आणि शेजारीही सांगितला. आमच्या भागात लॅब या शब्दाला एकच अर्थ आहे. एका सकाळी शेजारच्या काकू पदराखाली लहानशी बाटली धरून पायरीशी उभ्या राहिल्या.

"गो, लॅब टाकलीस ना? साखर बघ जरा. उपाशी आलेय, चाय पन नाय घेतला."

"काकू, ही तसली लॅब नाही."

"मग कसली? मशिनी तं दिसतात. लाल-हिरवं पेटतंय."

"यात कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात."

"बोलूं दे. साखर नाय सांगत ना? मग लॅब कशाला म्हनतेस? उगाच माझा चाय बुडवलास."

आम्ही दोघेही हसलो. मुलीने त्यांना चहा करून दिला. त्यानंतरही दोन-तीन जण बाटल्या घेऊन आले आणि परत गेले. बातमी मात्र परत गेली नाही. मीटर वाचायला आलेल्या माणसाने अंगणातूनच विचारले, "काका, लॅब कवा टाकली?" मी त्याला यंत्रणेचे स्वरूप तपशीलवार समजावले. तो मान हलवीत गेला आणि त्याने कार्यालयात काय सांगितले, ते पुढच्या आठवड्यात कळले. वायरमन खांबावर चढला आणि त्याने आमची जोडणी सोडवली. कारण असे, की घरगुती मीटरवर लॅब चालवून विजेचा व्यावसायिक वापर होत आहे.

लेखी पूर्वसूचना नाही, बाजू मांडण्याची संधी नाही, जागेची पाहणी नाही. नोकरीच्या काळात मी चोराच्या बाबतीतही एवढी घाई पाहिलेली नाही. मी सविस्तर अर्ज लिहिला आणि मुलीला घेऊन कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांनी पहिले पान उलटले, दुसरे उलटले आणि चष्मा काढला.

"आजोबा, एवढं कोण वाचणार? दोन ओळी द्या. सदर लॅब बंद केली आहे. उद्या लाइट येईल."

"जी नव्हतीच, ती मी बंद कशी करू?"

"मग काय, चालू आहे असं लिहून देता?"

बाजूच्या टेबलावरचा माणूस खो-खो हसला. मी अर्जाची पोच मागितली. शिक्का मारणारा जेवायला गेला होता. तो परत येईपर्यंत मी दारात उभा राहिलो, पोच घेतली आणि वळून पाहिले, तेव्हा मुलगी साहेबांच्या टेबलाशी वाकून त्या दोन ओळींखाली सही करीत होती.

परतीच्या एसटीत ती म्हणाली, "बाबा, परीक्षा तोंडावर आली आहे. त्यांना रक्त-लघवीची लॅब बंद करायची होती. ती बंदच आहे."

"कागदावर रक्त-लघवी लिहिलेले नाही. लॅब लिहिले आहे. तू स्वतः त्याला लॅब म्हणतेस."

"म्हणून?"

"म्हणून आता ती या घरात चालवता येणार नाही. उद्या ते पाहणीला आले, तर तू खोटे लिहून दिलेस असे होईल."

दुसऱ्या दिवशी वीज आली. तिने पडवीतला दिवा लावला, पण घोड्यावरच्या एकाही यंत्राला हात लावला नाही. संध्याकाळपर्यंत सारे पुन्हा गोण्यांत गेले आणि सकाळी ती शेणव्याला मावशीकडे निघाली. मी एक गोणी थांब्यापर्यंत नेली. माझे मत आजही तेच आहे. लिहून दिलेला शब्द गैरसोयीचा झाला म्हणून मोडता येत नाही. आणि तो लिहून घेणाऱ्यांवर तर कारवाईच झाली पाहिजे.

शेणव्याला मावशीच्या घरी व्होल्टेज इतके उतरायचे, की यंत्रे आपोआप बंद पडून पुन्हा सुरू होत. त्यातच मावशीची नात तान्ही. पंख्यांच्या आवाजाने ती दचकून उठे. चार दिवसांत मुलीने गोण्यांची तोंडे बांधली आणि उरलेला अभ्यास पुस्तकावर केला. हे मला मावशीने फोनवर सांगितले, मुलीने नाही.

परीक्षा देऊन ती थेट घरी आली. पाय धुतले, आईच्या तसबिरीपुढे क्षणभर थांबली आणि स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग गेलो.

"झाली?"

"नाही, बाबा. थोडक्यात राहिली."

"कशात?"

"बिघाड शोधण्यात. बाकीचं सगळं आलं."

गणपतीपर्यंत दुसरी तारीख मिळणे शक्य नव्हते. तिने नव्या मुंबईला फोन करून स्वतःच तसे कळवले. बोलताना तिचा आवाज स्वच्छ होता आणि शेवटी तिने त्यांचे आभारही मानले. मग तिने तांदूळ निवडायला घेतले.

वीज कार्यालयाविरुद्ध माझी तीन पत्रे वरपर्यंत गेली आहेत आणि चौथे तयार आहे. एसटीतल्या त्या बोलण्याबद्दल मुलीने मला अद्याप एक शब्दही ऐकवलेला नाही. ऐकवला असता, तर त्याला माझ्याजवळ उत्तर होते.