अण्णांचं ताट आतल्या खोलीत

माझ्या मुलीचं लग्न मोडायच्या बेतात आलं होतं, ते माझ्या पुरोगामी विचारांमुळे.

मुक्ताने निखिलशी लग्न ठरवलं. दोघं खराडीला एकाच कंपनीत. निखिलचं घर विश्रांतवाडीला. वडील सुधाकरराव सरकारी नोकरीतून निवृत्त, आई शालिनीताई शाळेत मुख्याध्यापिका. घर बौद्ध, आजोबांच्या काळापासून. आम्ही सहकारनगरचे देशस्थ ब्राह्मण. मला काहीच हरकत नव्हती, आणि ती नाही हे मी सोसायटीत भेटेल त्याला सांगत सुटलो होतो. लिफ्टमध्येसुद्धा. (न विचारता.)

"अहो, खरंच हरकत नसलेला माणूस गप्प बसतो," असं आमची सुलभा म्हणाली. मी ते मनावर घेतलं नाही.

एका रविवारी दुपारी निखिलला आणि त्याच्या आईवडिलांना जेवायला बोलावलं आणि माझ्या डोक्यात अण्णा आले. अण्णा म्हणजे माझे वडील, वय शहाऐंशी. जेवायला बसले की ताटाभोवती पाणी फिरवायचं, हात जोडायचे आणि खणखणीत आवाजात श्लोक म्हणायचा. तो संपेपर्यंत घासाला कोणी हात लावायचा नाही. पाहुण्यांसमोर हे चालेल का? त्यांना वाटेल, आपला धर्म यांच्यावर लादतोय.

"म्हणू देत की," सुलभा म्हणाली. "एका मिनिटाचं तर काम."

"बाबा, त्यांना काहीही वाटणार नाही," मुक्ता म्हणाली.

"तुम्हाला दोघींना संवेदनशीलता म्हणजे काय ते कळत नाही," मी म्हणालो.

मी तोडगा काढला. अण्णांना साडेअकरालाच आतल्या खोलीत ताट दिलं. "पाहुण्यांना उशीर होणार आहे, तुम्ही जेवून आडवे व्हा," असं सांगून दार ओढून घेतलं. अण्णा इस्त्रीचा सदरा घालून बसले होते. माझ्याकडे नुसते बघत राहिले. अण्णांच्या श्लोकाच्या जागी मी बौद्धांचं त्रिशरण म्हणणार होतो, तेच तीनदा म्हणायचं असतं ते. फोनवर ऐकून आठवडाभर बाथरूममध्ये पाठ केलं होतं.

पाहुणे बाराला आले. अगदी वेळेवर. पानं वाढली, सगळे बसले, आणि सुधाकररावांनी इकडेतिकडे बघून विचारलं, "अण्णा कुठे आहेत? निखिल सारखं सांगत असतो त्यांच्याबद्दल."

"त्यांचं जेवण झालं," मी म्हणालो. "त्यांचं जरा वेगळं असतं."

सुधाकररावांचा पापडाकडे गेलेला हात थांबला.

"वेगळं म्हणजे?"

"म्हणजे पथ्य. म्हणजे वेळा वेगळ्या. सोवळं वगैरे काही नाही हं!"

तोपर्यंत सोवळ्याचं नाव कोणीही काढलं नव्हतं. मुक्ताने डोळे मिटून घेतले. निखिल वाटीतल्या आमटीकडे बघत बसला. शालिनीताईंनी मांडीवरची पर्स उचलून हातात घेतली, ते मला दिसलं.

अशा वेळी शहाण्या माणसाने भात वाढावा. मी हात जोडले आणि त्रिशरण सुरू केलं. पाहुण्यांनाही हात जोडावे लागले. मग मधेच मी दुसऱ्यांदा म्हणतोय की तिसऱ्यांदा, तेच विसरलो. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पुन्हा अडकलो. वरणावर साय धरली. शेवटी शालिनीताईंनीच हळू आवाजात ते पूर्ण केलं.

"मुक्ताचे बाबा," त्या म्हणाल्या, "हे आम्ही वंदनेला म्हणतो. आज सकाळी म्हणूनच निघालोय."

"मग जेवताना काय म्हणता?"

"काही नाही. भूक लागली की जेवतो."

तेवढ्यात आतल्या खोलीचं दार उघडलं. अण्णा ताट हातात धरून उभे. ताटातल्या एका घासालाही हात लागला नव्हता. ते थेट सुधाकररावांसमोर आले.

"पाहुण्यांच्या आधी मी आजवर जेवलो नाही," ते म्हणाले. "तुम्हाला माझ्याबरोबर बसायची हरकत आहे का? असली तर तसं सांगा, मी परत आत जातो."

सुधाकरराव उठून उभे राहिले. "काका, आम्हाला वाटलं, हरकत तुमची आहे."

मग दोघांनीही माझ्याकडे बघितलं.

मला वाटतं, मी "खीर घ्या" असं काहीतरी म्हणालो.

सुधाकररावांनी अण्णांच्या हातातलं ताट घेतलं, टेबलावर ठेवलं, स्वतःच्या शेजारी खुर्ची ओढली आणि मगच ते माझ्याशी बोलले. आवाज अजिबात चढला नव्हता. "माझे वडील मार्केट यार्डात हमाली करायचे. व्यापाऱ्याकडे लग्न असलं की त्यांनाही आमंत्रण असायचं. पंगतीजवळ गेले की कोणीतरी पुढे यायचं आणि फार गोड बोलायचं. तुमचं वेगळं वाढलंय म्हणायचं. ते मागच्या भिंतीपाशी असायचं. मीही तिथे बसून जेवलोय. मघाशी तुम्ही बोललात तेव्हाच उठणार होतो. या पोरीचा चेहरा बघितला आणि बसलो."

अण्णा त्या खुर्चीत बसले.

अण्णांनी ताटाभोवती पाणी फिरवलं. मग थबकले, आणि म्हणाले, "मी श्लोक म्हणतो जेवणाआधी. चालेल ना?"

"म्हणा की," शालिनीताई म्हणाल्या. "आमच्या शाळेत डबे उघडायच्या आधी पोरं रोज म्हणतात. मीच म्हणून घेते."

त्या माणसांना त्रास होऊ नये म्हणून मी जो श्लोक आतल्या खोलीत कोंडला होता, तो त्यांनी अण्णांबरोबर म्हटला. अण्णा एका जागी चुकले, तर शालिनीताईंनी त्यांना दुरुस्तही केलं. मी हात जोडून बसलो होतो. ओठ हलले नाहीत.

लग्न झालं, व्यवस्थित झालं. सुधाकरराव आता दर पंधरा दिवसांनी येतात आणि अण्णांशी बुद्धिबळ खेळतात. अण्णांवर ओरडतात, त्यांचा वजीर मारला की टाळी मागतात, सुलभाला हक्काने चहा टाकायला सांगतात. माझ्याशी मात्र अतिशय आदराने वागतात. "आपण बसा. आपण घ्या. आपण कशाला त्रास घेता?"

उभं आयुष्य पुण्यात काढलंय मी. एवढ्या आदराचा अर्थ मला कोणी समजावून सांगायला नको.