पुंजाजीच्या गाण्यातलं नाव

उंद्रीच्या पुंजाजींना गाणी सुचायची ती वांग्यांच्या वाफ्यात, आणि एकदा सुचली की वांगी किडली तरी त्यांना पत्ता नसे. "गाण्याले भाव भेटते का बाजारात?" असं त्यांची बायको शालूबाई विचारायची. पण गावातली ख्रिस्ती मंडळी दर नाताळला त्यांचंच गाणं म्हणायची. शेवटच्या कडव्यात पुंजाजींनी संतांच्या थाटात आपल्या नावाची मोहोर ठोकून दिली होती:

पुंजा म्हणे, मले झोप लई प्यारी,
उशिरा आलो तरी बसू दे दारी.

पोटी लेकरू नव्हतं. मागं नाव राहिलं तर इथंच राहील, असं ते मनाशी धरून बसले होते.

यंदा नव्या पाळकसाहेबांनी गाण्यांचं पुस्तक छापून आणलं. पुंजाजींनी चष्मा पुसून पान उघडलं, तर तिथं 'येशू म्हणे, मले झोप लई प्यारी'. घ्या, झोपाळू हे आणि नाव प्रभूचं!

"साहेब, हे काऊन बदललं?"

"मी बायांकडून उतरवून घेतलं. त्या 'हे म्हणे' गातात. प्रभूच्या देवळात 'हे' म्हणजे दुसरं कोण असणार?"

शेजारी उभ्या शालूबाईचा चेहरा उतरला. बायांना गाणं तिनंच शिकवलं होतं. उखाणा सोडला तर नवऱ्याचं नाव घ्यायचं तरी कसं? म्हणून तिनं 'हे म्हणे' केलं आणि बायांनी तेच उचललं. पुंजाजींना कधी कळलं नाही. ढोलकी बडवताना त्यांना स्वतःखेरीज ऐकू येतंय कोण?

तिनं घरी जाऊन सगळं कबूल केलं. ते भांडले असते तर बरं झालं असतं. "असू दे, छापलं तर छापलं," एवढंच बोलून ते वाफ्याकडं निघून गेले. त्या दिवसापासून त्यांचं गुणगुणणं बंद झालं, आणि तिला घर खायला उठलं.

नाताळच्या उपासनेत शेवटचं कडवं आलं. सगळ्यांच्या नजरा पुस्तकात. शालूबाईनं पदर सावरला आणि मंडळीच्या आधी सूर लावला, "पुंजा म्हणे..."

ढोलकीवरची थाप चुकली. पुंजाजी मान खाली घालून डोळे पुसत राहिले, वाजवायचं विसरले. ओळ दोनदा म्हणायची रीत होती. दुसऱ्या वेळी बायांनी पुस्तकं मिटली आणि शालूबाईच्या मागोमाग तिच्या नवऱ्याचं नाव घेतलं.