बिस्किटाच्या डब्याचे तीन वॉट

मॉरिशसमधल्या क्वात्र बॉर्नच्या देवळात १९७३च्या गणपतीत तुलसीरामने चंद्रावतीच्या हातातला माइक काढून घेतला. अभंग अर्धाच राहिला. "पुरे गं बाई, माझ्या मशीनचा घसा बसेल!" लाउडस्पीकरचे मशीन त्याचे, मंडळाचे चिटणीसपदही त्याचेच. लोक हसले. त्या दिवसापासून चंद्रावतीने घरच्या देवापुढेसुद्धा तोंड उघडले नाही.

तिचा मुलगा इंद्रदेव तेव्हा कॉलेजात होता. त्याने डूख धरला.

माइकचा आवाज वाढवणारे स्वतःचे यंत्र करायला मोडीतल्या रेडिओंचे काचेचे व्हॉल्व्ह काढून त्याने ते बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यावर बसवले. वर्षभर डाख लावत बसला. एकदा वीज बंद केलेल्या डब्यात बोट घातले, तर आत साठलेल्या विजेने त्याला भिंतीवर आपटले.

"जळो मेलं ते!" आई ओरडली.

"जळेल, आई. पण दुसऱ्याचं तोंड."

यंत्र झाले ते जेमतेम तीन वॉटचे, देवळापुरते. शिवाय व्हॉल्व्ह तापेपर्यंत अर्धे मिनिट मुके. तुलसीरामचे मशीन बटण दाबताच बोलायचे. हा फरक इंद्रदेवने मनात जपून ठेवला.

पुढच्या चतुर्थीला तुलसीरामचे मशीन सूयाक गावच्या सभेला गेले ते वेळेत परतलेच नाही. इंद्रदेवने डबा मांडला. तुलसीराम माइक हातात घेईपर्यंत थांबला, मग बटण दाबले.

तुलसीरामने माइकवर टिचक्या मारल्या. आवाज नाही.

"आयो! पा मार्से! चालतच नाही!" तो खुलला. माइक तोंडाशी तसाच, बोलणे शेजारी उभ्या देवानंदशी. "बरंच झालं. या बायकांच्या रडगाण्यानं..."

व्हॉल्व्ह लाल झाले. पुढचे सगळे कर्ण्यातून देवळाने ऐकले.

"...गणपतीचेसुद्धा कान किटले असतील. मोदक वळावेत नि गप्प बसावं!"

मोदकांचे ताट घेऊन त्याचीच बायको पुष्पा दारात उभी होती. तिने ताट त्याच्या पायाशी ठेवले. "पुढच्या वर्षी तुम्हीच वळा. गप्प बसून."

"काका, याला तापायला अर्धं मिनिट लागतं," इंद्रदेव हात जोडून म्हणाला. "तुमच्याकडून तेवढंच हवं होतं."

चंद्रावतीने माइक घेतला आणि गेल्या वर्षी तुटलेल्या ओळीपासून अभंग उचलला. डबा खाली गुणगुणत होता. इंद्रदेवने देवाला दंडवत घातले, पण क्षमा मागितली नाही.

पुढे देवळात मोठे मशीन आले, इंद्रदेव मोका गावच्या विद्यापीठात नोकरीला लागला. तरी १९८०नंतरही दर चतुर्थीला तो डबा घेऊन यायचा, आणि माइक चालतो का ते बघायला, सगळ्यांसमोर, मोठ्या आदराने तुलसीरामकाकांनाच बोलवायचा.