काडेपेटीएवढं गाणं

मला भांडी घासायला गाणं लागतं.

भांडीच कशाला, भाजी निवडायला लागतं, तांदूळ पाखडायला लागतं, कपडे वाळत घालायला लागतं. गाणं नसलं की हात कामाला असतात, पण जीव उड्या मारतो. दारात जाते, परत येते, फ्रिज उघडते, बंद करते, पुन्हा उघडते. आमचे हे म्हणतात, "अवो, त्या फ्रिजमध्ये कोण लपलं हाये काय?"

पूर्वी माझ्याकडे दुधाच्या किटलीएवढा स्पीकर होता. कडी धरून मी तो घरभर घेऊन फिरायची. आवाज असा, की माझी भांडी घासून झाली हे सगळ्या कोंढा गावाला कळायचं. शेवटी एका दुपारी सासूबाईंची झोप तिसऱ्यांदा मोडली आणि त्या उठून बसल्या.

"सुनंदा, या घरात एक त हा डबा राहीन, नाही त मी!"

(मी क्षणभर विचारात पडले, हे खरं आहे. पण क्षणभरच!)

दुसऱ्या दिवशी पवनीला गेले आणि बस स्टँडजवळच्या दुकानातून एक छोटा प्लेअर आणला. काडेपेटीएवढा! चिमट्याने पदराला अडकवायचा, वायर केसांखालून कानात न्यायची, डोक्यावर पदर घ्यायचा. जगाला दिसते एक मर्यादशील सून, आणि सुनेच्या कानात चालू आहे ढोलकी!

घरात शांतता नांदू लागली. सासूबाईंचा दुपारचा डुलका संध्याकाळपर्यंत लांबला. पण एक गोष्ट कोणाच्याच ध्यानात आली नव्हती. स्पीकर होता तेव्हा गाणं सगळ्यांना ऐकू यायचं, म्हणून लोक माझ्याशी ओरडून बोलायचे. आता गाणं चालू आहे हे कोणाला कळतच नव्हतं. माणसं येत, समोर उभी राहत, ओठ हलवत. मला दर वेळी वायर काढायचा कंटाळा. मग मी एक युक्ती शोधली. ओठ हलायचे थांबले की म्हणायचं, "हो."

काय गुणी शब्द आहे! "नाही" म्हटलं की लोक "काहून?" विचारतात. "हो" म्हटलं की निघून जातात!

त्या आठवड्यात मी पुष्कळ हो म्हटलं. ह्यांना म्हटलं. शेजारच्या कुसुमबाईंना कुंपणाजवळ म्हटलं. आणि सासूबाई कारध्याला बहिणीकडे जायला निघाल्या, तेव्हा घरात मी एकटीच; हातात पिशवी घेऊन मोरीपाशी उभ्या राहिल्या आणि बराच वेळ बोलल्या. बोटांवर मोजून काही काही समजावलं. मी हातातलं पातेलं घासत तीनदा हो म्हटलं. त्या समाधानाने बसला गेल्या.

रविवार उजाडला. मी उठून पाहते तो ओसरीतलं सगळं सामान अंगणात, आणि आमचे हे बनियनवर, हातात ब्रश घेऊन खांबाला निळा ऑइल पेंट मारताहेत!

"हे काय लावलं जी सकाळी सकाळी?"

"काय म्हणजे? रविवारी रंग मारू का म्हणून तुले इचारलं, तू हो म्हणली!"

बरं, म्हटलं असेन. इतक्यात माझी नणंद वैशाली मेंदीचं भांडं घेऊन पुढे आली. "वहिनी, चाल. मेंदी लावून देतो म्हणली होतीस ना?"

वैशालीबद्दल सांगायलाच हवं. तिचं गावात शिलाईचं दुकान आहे, आणि स्थळं नाकारण्यात तिचा हात कोणी धरू शकत नाही. एका मुलाला तिने कॉलर वाकडी म्हणून नाकारलं होतं. "ज्याले कॉलर सरळ ठेवता येत नाही, तो संसार काय सरळ ठेवीन?" त्यामुळे बपेरा गावच्या एका मुलाचा फोटो तिने आदल्या आठवड्यात दोनदा पाहिला, तेव्हा सासूबाईंनी देवापुढे नारळ फोडला होता. स्थळ कारध्याच्या मावशींनी आणलेलं. हे स्थळ हातचं गेलं तर दुसरं येणं कठीण, हे आम्हाला सगळ्यांनाच ठाऊक होतं.

तर मी वैशालीच्या डोक्यावर मेंदीचा डोंगर थापला, वरून प्लास्टिकची पिशवी बांधली, आणि कानात वायर घालून चुलीवर वाळलेले झिंगे, म्हणजे सुकट, भाजायला बसले. झिंगे भाजले की तो वास चार घरं ओलांडतो. त्या वासातून वाट काढत कुसुमबाई आल्या. मागे सगळं महिला भजन मंडळ! पेटी, ढोलक, खंजिऱ्या!

मी एक वायर काढली. "कुसुमबाई, आज काय हाये?"

"अवो बाई! आमच्या घरी फरशीचं काम चालू हाये, रविवारी तुमच्या अंगणात सराव करू का म्हणलं, त तुमीच हो म्हणल्या!"

मी आठवू लागले. ह्यांना हो. कुसुमबाईंना हो. मेंदीला हो. आणि सासूबाईंना... तीनदा! त्या काय बोलल्या होत्या? लोणचं घालायला सांगितलं? म्हशीचं काही? फोन करून विचारावं, तर सासूबाई फोन घेऊन फिरत नाहीत. जीव कासावीस झाला. आणि जीव कासावीस झाला की मी काय करते? वायर परत कानात घातली आणि गाणं मोठं केलं!

त्यामुळे जीप आलेली मला ऐकू आली नाही.

मान वर केली तर समोर सासूबाई. ठेवणीतलं लुगडं, चेहरा लालबुंद, ओठ भराभर हलताहेत. ओठ थांबले. मी सवयीने म्हटलं, "हो."

त्यांनी माझ्या कानातली वायरच उपटली!

"हो काय, हो? मी म्हणलं, तुले याड लागलं काय? बपेऱ्याचे पाव्हणे घेऊन येतो म्हणून सांगून गेली होती ना मी? घर झाडून ठेव, वैशालीले साडी नेसव, अन् गोडाचं कर, पोराची आजी माळकरी हायेत! अन् हे काय? झिंगे!"

"आई, मले ऐकूच..."

"मी का तिकडे भिंतीसोबत बोलत होती?"

तोवर पाहुणे आत शिरले होते. मुलाचे वडील दमून ओसरीच्या खांबाला टेकले. आमचे हे "टेकू नका जी!" म्हणेपर्यंत मानेपासून कमरेपर्यंत निळा पट्टा! मुलगा वडिलांना सावरायला धावला, त्याची पांढरी बाही दाराच्या ओल्या चौकटीला लागली. गडबड ऐकून वैशाली बाहेर आली. डोक्यावर पिशवी, कपाळावरून मेंदीचे ओघळ. तिने मुलाकडे पाहिलं, मुलाने तिच्याकडे पाहिलं, आणि भजन मंडळाने नेमका तेव्हाच ढोलकावर ठेका धरला!

मला वाटलं, आता जमीन दुभंगावी आणि मला पोटात घ्यावं. प्लेअरसकट.

पण मुलाची आजी मात्र थेट बायकांमध्ये जाऊन बसली. "हे बरं केलं जी तुमी! पोरगी पाहाले आलो, त भजन बी ठेवलं!"

सासूबाईंनी एक श्वास घेतला. नुसता एक. "हो जी, आमच्याकडे पद्धतच हाये तशी. घराले रंग बी तुमच्याचसाठी मारून राहिलो." आणि माझ्याकडे न पाहता, दातांतल्या दातांत, "झिंगे उचल!"

मी तवा घेऊन मागच्या दाराकडे पळाले. तिथे वैशाली त्या मुलाला उभं करून थिनरने बाही पुसत होती.

"हलू नका जी."

"नाही हलत."

"हा शर्ट कोणं शिवला?"

"आमच्या गावातच."

"एक बाही लहान, एक मोठी हाये."

"हात्तिच्या! मले इतके दिवस वाटे, माहा हातच लहान-मोठा हाये!"

वैशाली हसली. एवढी हसली की मेंदी डोळ्यात गेली. त्याने खिशातला रुमाल काढून दिला, तो हिरवा झाला. मी तवा घेऊन तशीच उभी. किती दिवसांनी मी माणसांचं बोलणं असं पुरतं ऐकत होते!

निघताना मुलाचे वडील निळी पाठ घेऊन जीपमध्ये बसले आणि म्हणाले, "आम्ही कळवतो." 'कळवतो' म्हणजे काय, ते मुलीकडच्यांना ठाऊक असतं. पण तीच आजी खिडकीतून ओरडली, "कळवाचं काय बाकी हाये रे? पोट्टा पाहा ना, अजून तिकडेच पाहून राहिला!"

लग्न ठरलं. आणि माझ्यासाठी घरात कायदा झाला, की एक कान गाण्याला, एक कान घराला. तेवढ्यावर माझं निभतं.

साखरपुड्याला मी बायकांमध्ये पुऱ्या लाटत होते. (इतक्या पुऱ्या, आणि गाण्याशिवाय? शक्य तरी आहे का!) सासूबाई नेमक्या माझ्या गाण्याच्या कानाकडे बसल्या होत्या. बोलता बोलता सगळ्या बायका माझ्याकडे पाहू लागल्या. मी हसले. दुसऱ्या दिवशी कुसुमबाईंनी सांगितलं, "सुनंदाबाई, काल तुमच्या सासूनं सगळ्यांपुढे म्हणलं ना, लाखात एक सून हाये माही म्हणून!"

माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यात पहिल्यांदा! मी धावत सासूबाईंकडे गेले. "आई, काल तुमी माह्याबद्दल काय म्हणलं जी?"

"एकदा म्हणलं ना. तेच तेच काय बोलाचं?"

तेव्हापासून प्लेअर कपाटात आहे. मी दोन्ही कान उघडे ठेवून सासूबाईंच्या मागे मागे फिरते. त्या ओसरीत, तर मी ओसरीत. त्या गोठ्यात, तर मी गोठ्यात. न जाणो, पुन्हा तोंडातून निघालं तर! परवा त्या वैतागून वळल्या आणि म्हणाल्या,

"काहून माह्या मागं मागं फिरून राहिली वो? जा ना बाई, आपलं गाणं ऐक!"